जुन्या ट्रॅक्टर-जीपमधील पाणीगळती : शोध आणि दुरुस्ती

कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी, ही शिफारस आपल्या परिचयाची आहे. पावसानंतर भारी जमिनीला आलेला वाफसा मात्र थोडेच दिवस टिकतो. नेमक्या त्याच दिवसांत रेडिएटरमधून वाफ उसळून ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, तर बियाणे, खत, मजूर सर्व तयार असूनही पेरणी हुकते. पिकांवर लिहिणाऱ्या माणसाने इंजिनाच्या पाण्यावर लिहिण्याचे कारण एवढेच.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच कामाला लागतो. जवळपास तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेला बहुतांश पाण्यामार्फत रेडिएटरकडे नेऊन हवेत सोडावा लागतो. पाणी कमी पडले की सिलिंडर हेड तापून वाकते, गॅस्केट जाते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. शंभर रुपयांची क्लिप न बदलल्याने इंजिन खोलण्याची वेळ आलेली अनेक वाहने गॅरेजमध्ये दिसतात.

पाणी खरोखर कमी होते आहे का, हे प्रथम निश्चित करावे. रोज सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचे टोपण उघडून पातळी पाहावी आणि किती पाणी घालावे लागले ते वहीत लिहावे. निरोगी इंजिनाला आठवड्यात फारसे पाणी लागत नाही. रोज तांब्याभर लागत असेल, तर ते कोठेतरी जात आहे. तापमानाच्या काट्यावर पूर्ण विसंबू नये. पाणी फारच उतरले की काट्याचा सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली राहू शकतो.

गरम इंजिनाचे टोपण उघडू नये, हे माहीत असूनही घाईत हात जातोच. आतील पाणी दाबाखाली असते. टोपण फिरताच ते उकळून तोंडावर, छातीवर उडते. निदान अर्धा तास थांबावे, नंतर जाड गोणपाट टाकून टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, वाफ जाऊ द्यावी आणि मगच काढावे. तापलेल्या इंजिनात विहिरीचे थंडगार पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते.

बाहेरची गळती कशी शोधावी

रात्री वाहन सपाट जागी उभे करून खाली कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहून वर शोध घ्यावा. पाणी ओघळत दूर जाऊन टपकते, त्यामुळे डागाच्या बरोबर वरच दोष असेल असे मानू नये. पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा वाळलेला ओघळ ही सर्वांत विश्वासू खूण आहे. शंकास्पद जागा पुसून तेथे खडूची पूड लावली तर बारीक पाझरही दिसतो. काही गळती इंजिन थंड झाल्यावरच होते, कारण धातू आकसून क्लिप सैल पडते. म्हणून दुपारी तपासून काही सापडले नाही, तर पहाटे पुन्हा पाहावे.

होज पाइप हाताने दाबून पाहावेत. फुगलेला, चिकट झालेला किंवा दाबताच कुरकुरणारा पाइप बदलावा. त्यावर कापड गुंडाळून हंगाम काढू नये. खालचा पाइप मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. अशा वेळी गळती नसूनही इंजिन तापते. पाणपंपाच्या शाफ्टखाली एक छोटे भोक असते, त्यातून थेंब येऊ लागले म्हणजे आतील सील गेले. हे भोक बुजवणारे कारागीर भेटतात. तसे केल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंपच जातो. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या वाटीसारख्या पत्र्याच्या डमीही गंजून पाझरतात. त्या बदलणे स्वस्त असते, परंतु एक गळू लागली की सर्वच बदलाव्यात.

टोपणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यातील स्प्रिंग व रबरी चकती पाण्यावर दाब ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो जादा दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. चकती तडकली की हा फायदा जातो आणि पाणी ओव्हरफ्लो नळीतून निघून जाते. खाली डाग नाही, पाइप ठीक, तरी पाणी कमी, असे असल्यास आधी टोपण बदलून पाहावे. नवे टोपण त्याच दाबाचे घ्यावे. जास्त दाबाचे घेतल्यास जुना रेडिएटर फुटतो.

आतली गळती

ही गळती दिसत नाही आणि हीच महाग पडते. इंजिन थंड असताना टोपण काढून सुरू करावे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला तडा आहे. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहणे, ही दुसरी खूण.

बऱ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनात लायनरभोवती थेट पाणी खेळते. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा जुन्या झाल्या की पाणी ऑइल चेंबरमध्ये उतरते. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी सुरू न करता ऑइलचा खालचा नट जरासा ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि तेलाआधी बाहेर येते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसत असेल तर परीक्षेचीही गरज नाही. असे इंजिन एक तासही चालवू नये. बेअरिंगला तेलाचा थर मिळत नाही आणि क्रँक खराब होतो. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. हे काम शेतावर करण्याचे नाही.

दुरुस्तीत घ्यावयाची काळजी

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर डाख देऊन चांगला दुरुस्त होतो. कारागिराने तो उतरवून, हवा भरून, हौदात बुडवून बुडबुडे दाखवावेत, असा आग्रह धरावा. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला असा डाख बसत नाही. प्लॅस्टिकची टाकी तडकली असेल तर तो बदलणेच परवडते. रस्त्यात अडचण आल्यास रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ड्रायव्हर मंडळी करतात. बारीक छिद्र त्याने बुजते हे खरे, परंतु तोच लगदा अरुंद नळ्यांतही बसतो. घरी पोहोचण्यापुरताच तो उपाय करावा आणि नंतर सर्व पाणी काढून रेडिएटर धुवावा.

खरे नुकसान करते ते बोअरचे पाणी. ठिबकच्या ड्रिपरवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि तेथे लवकर बसतो, कारण पाणी तापले की त्यातील विरघळलेले बायकार्बोनेट चुन्याच्या रूपाने खाली बसते. ठिबक ॲसिडने धुतो म्हणून रेडिएटरही ॲसिडने धुऊ नये, धातू खाल्ला जातो. स्वच्छ साठवलेले पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी वापरावे, त्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळावे. कूलंटमुळे गंज कमी होतो आणि उत्कलनबिंदूही वाढतो.

मळणीच्या हंगामात जाळीत अडकलेला भुसा रोज झाडावा. भुशाने तापलेले इंजिन गळतीच्या नावाने उगाच खोलले जाते.

काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा पाण्याच्या हौदाजवळ ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्याने जनावरे व कुत्री ते चाटतात, आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. ते झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि गॅरेजमध्ये द्यावे. एखाद्या जनावराने ते प्यायल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे व काय प्यायले ते त्यांना स्पष्ट सांगावे.