चाळिशीत पुन्हा सायकल

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आमच्या शाळेतल्या मुलींनाही ते मिळाले. सायकली घरी आल्या, आम्हा शिक्षिकांना समाधान वाटले. पण महिना झाला तरी वस्तीवरून येणारी आठवीतली एक मुलगी पायीच येत राहिली. तीन किलोमीटर अंतर, पाठीवर दप्तर, रोज पहिला तास अर्धा बुडालेला. एके दिवशी विचारले, "सायकल कुठंय गं तुझी?"

"भाईजान चलाते, आपा. मेरे को नै आती."

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या अम्मीने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "सिखाएगा कोन, आपा? मेरे को आती नै. तुमको आती क्या?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. उत्तर होते, पण ते तीस वर्षांपूर्वीचे होते.

कधी सुटली, कळलेच नाही

लहानपणी आम्हीही सायकल चालवली होती. रविवारी चौकातल्या दुकानातून तासाला एक रुपया भाड्याने छोटी सायकल आणायची. ती नाही मिळाली तर अब्बांच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे. गुडघे फुटायचे, त्यावर हळद लागायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा दुकान गाठायचे.

मग बारा-तेरा वर्षांचे झालो आणि सायकल सुटली. आठवून पाहिले, तर कोणी रागावल्याचे आठवत नाही. अम्मीने "आता पुरे" असेही म्हटले नव्हते. ओढणी आली, घरातली कामे आली, आणि सायकल भावाची झाली. पुढे डी.एड., बी.एड., नोकरी, लग्न, मुले. मुलांना सायकल आम्हीच घेऊन दिली. शिकवली मात्र त्यांच्या अब्बांनी किंवा मामांनी. त्या वस्तीवरच्या अम्मीच्या प्रश्नाने पहिल्यांदा जाणवले की, न सांगता सुटलेली गोष्ट आम्ही तशीच, न सांगता, पुढच्या पिढीला देत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले. दोन शिक्षिका, एक अंगणवाडीताई आणि आमच्यातल्या एकीची भाभी, अशा चौघी. वये एक्केचाळीस ते एकोणपन्नास. तिघींनी लहानपणी चालवली होती, भाभींनी कधीच नाही. वेळ फज्रनंतरची, जागा शाळेचे मैदान.

हे आपल्याला शोभते का?

हा प्रश्न बाहेरच्यांच्या आधी आमच्याच मनात आला. घरात बसून थोडे वाचले. हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, एकदा त्या जिंकल्या, पुढे अंग भरल्यावर प्रेषित (स.) जिंकले, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. उंटावर स्वार होणाऱ्या स्त्रियांमध्ये कुरैशच्या सदाचारी स्त्रियांची प्रशंसा बुखारीत आली आहे. म्हणजे स्वार होणे ही स्त्रीसाठी नवी गोष्ट नाही, वाहन तेवढे बदलले आहे. मर्यादा पाळायची आहेच. ती कपड्यांची, वागण्याची आणि सुरक्षिततेची.

आपल्याच देशात याचे मोठे उदाहरण आहे. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई हा गरीब जिल्हा. १९९१ मध्ये तिथे 'अरिवोळी इयक्कम' ही साक्षरता मोहीम सुरू झाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी लिहिण्या-वाचण्याबरोबर सायकल शिकणे हाही मोहिमेचा भाग केला. एक लाखाहून अधिक स्त्रिया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका, आणि त्यांत मुस्लिम घरांतल्या तरुणीही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिले आहे. लेडीज सायकली कमी पडल्या, तर बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते म्हणून कितीतरी जणींना तीच सायकल अधिक सोयीची वाटली.

वयाचे म्हणाल, तर अमेरिकेतील समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या. रोज सुमारे पंधरा मिनिटे सराव करून त्यांना तीन महिने लागले. त्यांनी त्यावर १८९५ मध्ये पुस्तकच लिहिले. आम्ही तर त्यांच्याहून लहान होतो!

पहिले आठ दिवस

पहिल्या दिवशी लहानपणासारखे टांग मारून चढायला गेलो आणि चौघींपैकी एकीलाही दहा फूट जाता आले नाही. "एकदा आली की सायकल विसरत नाही" म्हणतात. शरीर विसरत नसेलही, पण मन घाबरते. लहानपणी पडण्याची भीती नव्हती. आता मैदानावर पाय उचलताना पहिला विचार येतो, हात मोडला तर घरात भाकरी कोण करणार?

वाट दाखवली ती सायकल दुकानवाल्या चाचांनी. ते म्हणाले, "मागून धरून पळण्यात काही अर्थ नाही. पायडल काढून टाका." त्यांनीच पाना लावून दोन्ही पायडल काढून दिले. (उजवे पायडल नेहमीसारखे सुटते, डावे मात्र उलट्या आट्याचे असते; ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे लागते.) सीट इतकी खाली केली की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले. मग मैदानाच्या हलक्या उतारावर पायांनी ढकलत जायचे. आधी चालल्यासारखे, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून जमेल तितके घसरत जायचे. पाय कधीही टेकवता येतो हे कळल्यावर भीती निम्मी झाली.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवल्या. एक, नजर चाकाकडे नाही, समोर दहा-पंधरा पावलांवर. चाकाकडे पाहिले की तोल गेलाच. दुसरी, सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल थोडे वळवायचे. मन उलट सांगते, म्हणून हे सवयीनेच येते. हँडल घट्ट आवळल्याने काहीच साधत नाही. खांदे सैल सोडले की सायकल सरळ चालते.

पाचव्या दिवशी पायडल पुन्हा बसवले. निघताना एक पायडल पुढे आणि थोडे वर ठेवायचे, त्यावर जोर द्यायचा आणि दुसरा पाय उचलायचा. थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे. फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवर येतो. आठव्या दिवशी आम्ही तिघी मैदानाला पूर्ण फेरी मारू लागलो. भाभींना आणखी पंधरा दिवस लागले. पहिली फेरी पूर्ण झाल्यावर त्या सायकलवरच बसून राहिल्या, उतरेनात. मग म्हणाल्या, "आणखी एक मारू का?"

जमल्यावर सीट हळूहळू वर घ्यावी. खालच्या पायडलवर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट कायम खालीच राहिली, तर गुडघ्यांवर ताण येतो आणि दोष सायकलीला दिला जातो.

कपड्यांचा प्रश्नही सुटला. पायघोळ आणि फार घेरदार अबाया मागच्या चाकात अडकतो. म्हणून घेर कमी, खाली सलवार किंवा पँट, ओढणीची टोके पिन लावून आत. सायकलीला पूर्ण चेन कव्हर आणि मागच्या चाकाला ड्रेस गार्ड लावून घेतले. पर्दाही राहिला, पायडलही फिरले.

पडलो, ऐकूनही घेतले

सगळे गोड झाले नाही. अंगणवाडीताई एका वळणावर पडल्या, मनगट मुरगळले. तीन आठवडे पट्टी. सासूबाई म्हणाल्या, "या वयात काय अडलं होतं?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही, त्या तीन आठवडे घरातली धुणी-भांडी त्यांनाच करावी लागली. ताई महिन्याने परतल्या, पण आजही गर्दीच्या रस्त्यावर उतरून सायकल हातात धरून चालतात. ते ठीकच आहे.

काही मुलांनी मैदानाबाहेरून मोबाईलवर चित्रीकरण सुरू केले. जवळ गेलो तर आमचेच जुने विद्यार्थी! "अस्सलामु अलैकुम, आपा" म्हणत मोबाईल खिशात गेले.

मोहल्ल्यातील एका ज्येष्ठांनी आमच्या यजमानांकडे नाराजी कळवली. आम्ही वाद घातला नाही, त्यांनाच भेटलो. त्यांचा अर्धा आक्षेप आम्हाला पटला नाही. पण उरलेला अर्धा खरा होता. वस्तीकडून शाळेकडे येणाऱ्या डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी धावतात. तिथे नवख्या मुलींनी सायकल चालवणे धोक्याचेच. मग एका रविवारी मुलींचे वडील, ते ज्येष्ठ आणि आम्ही कालव्याकाठचा रस्ता चालून पाहिला. थोडा लांबचा, पण वाहने जवळजवळ नाहीत. मुलींनी तिघी-तिघींच्या गटाने, एकामागे एक, याच रस्त्याने यावे असे ठरले. मोठा रस्ता ओलांडताना उतरून सायकल हाताने न्यायची, हाही नियम झाला.

आता

आमचे म्हणाल तर, आठवड्यातले पाच दिवस सकाळी अर्धा तास सायकल होते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा हिशेब पूर्ण होतो. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. चालण्यापेक्षा तिला सायकल सोसते, कारण शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पण आम्हाला खरा आनंद दुसऱ्याच गोष्टीचा आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही शाळेतल्या नऊ मुलींना त्याच मैदानावर, पायडल काढून, सायकल शिकवली. वस्तीवरची ती मुलगी चार दिवसांत शिकली. आमच्या निम्म्या वेळात! तिच्या भावाशी थोडी ओढाताण झाली. शेवटी अब्बांनी निकाल दिला की शाळा सुटेपर्यंत सायकल हिची, नंतर त्याची. चाळीस मिनिटांची वाट आता पंधरा-वीस मिनिटांत होते आणि पहिला तास बुडत नाही. शाळा लांब पडते म्हणून आठवीनंतर घरी बसणाऱ्या मुली आम्ही दरवर्षी पाहतो. सायकलीने सगळ्यांचा प्रश्न सुटणार नाही, पण 'लांब पडते' हे एक कारण तरी कमी होते.

जानेवारीत आम्ही पुन्हा तिच्या घरी गेलो, या वेळी सायकलवर. तिची अम्मी दारातच उभी होती. आम्ही उतरून म्हणालो, "आती है!" ती हसली आणि म्हणाली, "मेरे को बी सिखाओ फिर." पुढच्या रविवारपासून तीही येते आहे, अल्हम्दुलिल्लाह.

वाचक भगिनींना एकच विनंती. घरात सायकल असेल, तर ती कोणाच्या नावाने आली आणि चालवते कोण, हे आज एकदा विचारा. मुलीला येत नसेल तर शिकवा. तुम्हालाच येत नसेल, तर दोघी मिळून शिका. मैदान, एक पाना आणि फज्रनंतरचा अर्धा तास पुरेसा आहे. बाकी हिंमत अल्लाह देईल, इन्शाअल्लाह.