गाडी चालू होईना? आधी आवाज ऐका

मैत्रिणींनो, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचंय आणि गाडी चालू होईना. अशा वेळी आपण किल्ली फिरवतच राहतो, आणि उरलीसुरली बॅटरीही उतरते. आम्ही म्हणतो, थांबा, आवाज ऐका.

नुसतं ‘कटकटकट’ वाजलं, दिवेही मंदावले, तर बहुधा बॅटरीच उतरलीय. तरी नवी घ्यायला धावू नका. बॉनेट उघडून बॅटरीची टोकं बघा. पांढरी-हिरवी भुकटी साचली की वीज पुढे जात नाही. किल्ली काढा. आधी काळी, म्हणजे वजा खुणेची वायर सोडवा, मग लाल. टोकं सोड्याच्या पाण्याने घासून कोरडी करा. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. उजेडाला काडी मात्र पेटवू नका. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही? मग बॅटरी ठीक आहे, आधी टाकीत तेल आहे का बघा.

बॅटरी उतरलेली गाडी हाताच्या गिअरची असेल, तर सपाट रस्त्यावर चौघीजणी ढकलू शकतात. पुरुषमाणसांची वाट कशाला? किल्ली ऑन, क्लच दाबून दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीला हे चालत नाही.

चालू झाली की दवाखाना येईपर्यंत बंद करू नका.