न झालेल्या गोलांचा हिशेब

जानेवारी २०१६. हेल्सिंकीत वीस वर्षांखालच्या मुलांच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेत फिनलंडने रशियाला जादा वेळेत ४-३ असं हरवलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला सतरा वर्षांचा येस्से पुल्युयार्वी: सात सामन्यांत ५ गोल आणि आणखी १२ गोलांना हातभार. त्याच जूनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत एडमंटन ऑयलर्स या कॅनडातल्या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. सहा फूट चार इंच उंचीचा, लांब ढांगांचा पोरगा. आता गोलांचा पाऊस पडणार, असं सगळ्यांनी गृहीतच धरलं.

पाऊस पडला नाही. एनएचएलच्या एका हंगामातले त्याचे सर्वाधिक गोल पंधरा. २०२२-२३ मध्ये एडमंटनकडून ५८ सामन्यांत अवघे पाच. गोलाच्या तोंडाशी आलेल्या संधी तो वाया घालवायचा आणि पाहणारे कपाळावर हात मारायचे. तरीही एडमंटनमध्ये त्याच्यावरून कडाक्याचे वाद झाले, कारण आकडेवारीत बुडालेली एक मंडळी ठामपणे म्हणत होती, की तो बर्फावर असताना संघ जास्त चांगला खेळतो. गोल न करणारा आघाडीचा खेळाडू संघाला पुढे नेतो? मला या वादाने झपाटलं ते इथेच.

क्रिकेटमध्ये कव्हरला चपळ क्षेत्ररक्षक उभा असला, की फलंदाज चोरटी धाव घ्यायला धजत नाही. ती न काढलेली धाव धावफलकावर कुठेच दिसत नाही. आइस हॉकीत अशा अदृश्य गोष्टी मिनिटामिनिटाला घडतात. प्रतिस्पर्धी बचावपटू स्वतःच्या गोलामागे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, ताब्यात घेतो. मान वर करून सहकारी शोधायला त्याला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात पुल्युयार्वी तिरका घुसतो. सरळ नव्हे, तिरका, म्हणजे एक बाजू आपोआप बंद होते. लांब हातातली स्टिक पासच्या वाटेत आडवी येते. बचावपटू घाबरून पक कुठेतरी भिरकावतो आणि त्यांची चढाई जन्मायच्या आधीच संपते. हे करून उलट्या दिशेने, दोनशे फुटी मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचं आणि तिथे मागून कुणाची तरी स्टिक अलगद उचलायची. पाऊण मिनिटाच्या पाळीत हे सगळं, आणि नोंद शून्य.

मग हे मोजायचं कसं? जुनी पद्धत साधी होती: दोन्ही संघांचे खेळाडू सारखे असताना तुम्ही बर्फावर आहात आणि आपला गोल झाला तर अधिक एक, समोरच्यांचा झाला तर उणे एक. पण गोल मुळात इतके थोडे होतात, की आपला गोलरक्षक झोपेत असला तरी दोष तुमच्या माथी. म्हणून लोक गोलांऐवजी फटके मोजू लागले, अडवलेले आणि हुकलेलेसुद्धा. त्याही पुढे जाऊन प्रत्येक फटक्याला त्याच्या अंतरावरून, कोनावरून वजन मिळालं: या जागेवरून गोल होण्याची शक्यता किती? या शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. न घडलेल्या गोष्टीला तराजूत टाकण्याची ही युक्ती मला विलक्षण वाटते. आणि याच तराजूत पुल्युयार्वीचं पारडं जड होतं.

आक्षेप मात्र खरा होता. तो अनेकदा कॉनर मॅकडेव्हिडच्या सोबत खेळायचा, जगातल्या सर्वोत्तम हॉकीपटूसोबत. मग श्रेय कुणाचं? दोघं एकत्र असताना काय होतं, वेगळे असताना काय होतं, हे आकडेवारीवाले ताडून पाहतात. पण वेगळे असताना समोरचे प्रतिस्पर्धीही बदलतात. गाठ पूर्ण सुटत नाही. मला वाटतं, बचावातलं त्याचं काम अस्सल होतं. पण हुकलेले गोलही तितकेच अस्सल होते, आणि मॅकडेव्हिडच्या पासवर गोल करायलाच माणूस लागतो, हे म्हणणाऱ्यांना मी चूक ठरवणार नाही.

संघाने निर्णय पैशाच्या भाषेत घेतला. त्याचं वर्षाचं मानधन ३० लाख डॉलर आणि संघाच्या एकूण मानधनाला मर्यादा. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी एडमंटनने त्याला कॅरोलायना या एनएचएलमधल्याच दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि त्याच दिवशी मॅटियास एकहोम हा अनुभवी बचावपटू आणला. कॅरोलायनाकडून साखळीतल्या सतरा सामन्यांत पुल्युयार्वीचा एकही गोल नाही.

या सगळ्या वादात एक गोष्ट फारच थोड्यांनी धरली: त्याचे खुबे. स्केटिंगमध्ये पाय मागे नव्हे, बाहेरच्या बाजूला रेटावा लागतो आणि प्रत्येक रेट्याचा भार खुब्याच्या सांध्यावर येतो. २०१९ मध्ये तिथे एकदा शस्त्रक्रिया झाली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात दोन्ही खुब्यांवर पुन्हा झाली, आणि ही फार मोठी: मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर धातूची टोपी चढवतात आणि समोरच्या खोबणीत धातूची वाटी बसवतात. पंचविशीतल्या माणसाचे दोन्ही सांधे असे बदलले गेले. त्याच सांध्यांवर तो २०२४ मध्ये पिट्सबर्गच्या संघाकडून पुन्हा एनएचएलमध्ये खेळला.