बॉयलरची धग आणि शर्यतीची गाडी

तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. तिथे बॉयलरजवळ राबलेला एखादा पोरगा उद्या मोटार शर्यतीत उतरला, तर गाडीतली धग त्याला ओळखीचीच वाटेल. कडक उष्म्यातल्या शर्यतीत चालकाचे दोन-तीन किलो वजन घामातूनच उतरते. ८ ऑक्टोबर २०२३ ला कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. लोगन सार्जंटला शर्यत मध्येच सोडावी लागली. पुढे नियम झाला, फार उष्मा असेल तर गाडीत थंडाव्याची यंत्रणा हवी. पैशाच्या खेळात नियम लवकर होतात!

शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. शर्यतीचे चालक ती आधीच करून घेतात. आपला ठेक्यावरचा नवा गडी मात्र मे महिन्यात पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट करतो. आम्हाला धोका इथेच दिसतो. नव्या माणसाने पहिल्या दिवशी धगीत पाचवा हिस्सा वेळच काम करावे, मग रोज तेवढेच वाढवावे. लग्नसराईची लांब सुट्टी करून परतलेल्या जुन्या कामगारानेही जपावे, त्याची सवय मोडलेली असते. ठेकेदाराशी हे चार-पाच जणांनी मिळून बोला.

तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. डब्यासोबत ताक किंवा मीठ घातलेली पेज न्या. सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा.