पर्जन्यमापक केंद्रातील विद्युत्-व्यवस्थापन चिपची मांडणी

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. त्याच्या आसमंतातील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून असून सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक होय. अशा प्रदेशात पावसाची नोंद हा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाला, तर महाराष्ट्रातील शासकीय व्यवहारात ती अतिवृष्टी गणली जाते आणि पीकहानीच्या मदतीचा विचार या आकड्याशी निगडित असतो. मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा 'महावेध' प्रकल्प राज्यात २०१७ साली सुरू झाला, त्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या अशा यंत्रणेपुढील अडचण मात्र विलक्षण आहे. ज्या दिवशीची नोंद सर्वांत मोलाची, नेमक्या त्याच दिवशी आकाश मेघाच्छादित असते व सौरपट्टीकडून येणारी वीज क्षीण होते. पर्जन्यमापकाचे कलते पात्र ०.२ मिलिमीटर पावसागणिक एकदा कलंडते असे धरल्यास ६५ मिलिमीटरसाठी ३२५ स्पंद मोजावे लागतात. मध्यरात्री यंत्र तासभर बंद पडले, तर त्या अवधीतील स्पंद कायमचे हरवतात आणि ६५ च्या जागी ५० असा आकडा कागदावर उमटतो. हे टाळण्याचा भार यंत्रातील एका लहानशा घटकावर, म्हणजे विद्युत्-व्यवस्थापन चिपवर असतो. तिची मांडणी कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची 'टीपीएस ६५२१७' ही चिप उदाहरणादाखल घेतली आहे. २०१३ साली बाजारात आलेल्या 'बीगलबोन ब्लॅक' या संगणकपट्टीवर ती असून तिची माहिती खुली आहे. सर्व हवामान केंद्रांत हीच चिप असते, असा याचा अर्थ नव्हे. तत्त्वे मात्र सर्वत्र सारखीच आहेत.

या चिपकडे तीन कामे असतात. बाह्य वीज, बॅटरी आणि यंत्र यांमधील प्रवाहाची वाटणी करणे, हे पहिले. प्रोसेसर, स्मृती व इतर घटकांना आवश्यक ते निरनिराळे दाब पुरविणे, हे दुसरे. त्यासाठी चिपमध्ये तीन स्विचिंग परिवर्तक व चार रेषीय वाहिन्या आहेत. हे दाब ठराविक क्रमाने चालू व बंद करणे, हे तिसरे. क्रम चुकल्यास प्रोसेसरच्या एका भागातून दुसऱ्या, वीज न मिळालेल्या भागात प्रवाह झिरपतो व चिपला इजा पोहोचू शकते. म्हणून प्रत्येक वाहिनीस क्रमांक व विलंब नेमून दिलेला असतो आणि दाब स्थिर झाल्याची खूण मिळाल्यावरच प्रोसेसरला कामास मुभा दिली जाते.

प्रोसेसर आणि चिप यांचा संवाद 'आय-टू-सी' या दोन तारांच्या मार्गाने होतो. त्या मार्गावर चिपचा पत्ता ३६ हा आहे. चिपमधील प्रत्येक गुणधर्म एका क्रमांकित रजिस्टरमध्ये साठविलेला असतो. प्रोसेसरच्या गाभ्याला वीज देणाऱ्या दुसऱ्या परिवर्तकाचा दाब १५ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये असतो. तेथे शून्य लिहिल्यास ०.९ व्होल्ट मिळतात आणि १.५ व्होल्टपर्यंत प्रत्येक पायरीस ०.०२५ व्होल्टची वाढ होते. अर्थात १.१ व्होल्टसाठी ८ हा अंक लिहावा लागतो.

तथापि हा अंक थेट लिहून भागत नाही. तारांतील गोंगाटामुळे एखादा अंक बदलून दाब अकस्मात वाढला, तर प्रोसेसर नष्ट होण्याची भीती असते. यास्तव दाबाची रजिस्टरे कुलूपबंद ठेवलेली आहेत. कुलूप उघडण्यासाठी रजिस्टरचा क्रमांक आणि १२५ हा परवलीचा अंक यांची द्विमान रूपे एकाखाली एक मांडावी. जेथे अंक भिन्न तेथे १, जेथे समान तेथे ० घ्यावे. १५ म्हणजे ००००११११ व १२५ म्हणजे ०१११११०१. यांतून ०१११००१०, म्हणजे ११४, ही किल्ली मिळते. ती ११ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये लिहून लगेच १५ मध्ये ८ लिहावे व हीच जोडी पुन्हा एकदा लिहावी. दोन वेळा सारखाच आदेश आला, तरच तो ग्राह्य धरला जातो.

एवढ्यानेही दाब बदलत नाही. नवा अंक प्रत्यक्षात आणण्याची आज्ञा १७ क्रमांकाच्या रजिस्टरमधील सर्वोच्च स्थानावर १ लिहून द्यावी लागते. त्याची किल्ली १०८ आहे. हे रजिस्टर आधी वाचून केवळ तेवढेच स्थान बदलावे. इतर स्थानांत दाबबदलाचा वेग साठविलेला असल्याने ती जशीच्या तशी राखली पाहिजेत.

दाब कमी करण्याचा लाभ मोठा आहे. प्रोसेसरच्या एका क्रियेस लागणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा प्रोसेसर सेकंदास १०० कोटी स्पंदांच्या गतीसाठी १.३२५ व्होल्ट मागतो. ३० कोटींसाठी ०.९५ व्होल्ट पुरतात. दोहोंच्या वर्गांचे गुणोत्तर काढल्यास प्रत्येक क्रियेची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. मात्र गती वाढवायची असेल तर आधी दाब वाढवावा, आणि कमी करायची असेल तर आधी गती उतरवावी. हा क्रम उलटला, की अपुऱ्या दाबावर प्रोसेसर चुकीची उत्तरे देऊ लागतो.

याहूनही मोठी बचत निद्रावस्थेतून साधते. ३.७ व्होल्ट व ६ अँपिअर-तास क्षमतेच्या घटात सुमारे २२ वॅट-तास ऊर्जा असते. पट्टी अखंड चालून २ वॅट खर्च करते असे मानल्यास ती ११ तासांत संपेल. पण दर १५ मिनिटांत एकच मिनिट जागे राहून उरलेला वेळ ०.०१ वॅटवर काढला, तर सरासरी खर्च सुमारे ०.१४ वॅट होतो आणि तीच ऊर्जा सहा दिवसांहून अधिक पुरते. अभ्राच्छादित आठवड्यात हाच फरक निर्णायक ठरतो. अट इतकीच, की पात्राचे स्पंद मोजणाऱ्या लहान गणकाला अल्पप्रवाही वाहिनीवरून निद्राकाळातही वीज मिळत राहिली पाहिजे. सगळेच बंद केल्यास घट वाचेल, पण पाऊस मोजायचा राहील.

शेवटी दोन मर्यादा विचारपूर्वक ठरवाव्या लागतात. पहिली, बाहेरून घ्यावयाच्या प्रवाहाची. ती सौरपट्टीच्या ढगाळ दिवसातील शक्तीहून अधिक ठेवल्यास पट्टीचा दाब कोसळतो, चिप तिला सोडून देते, दाब सावरताच पुन्हा जोडते आणि हे चक्र चालूच राहते. दुसरी, घट रिता होताना थांबण्याच्या दाबाची. चिपने वीज तोडण्यापूर्वीच यंत्राने नोंदी कायम स्मृतीत लिहून स्वतःहून थांबावे, आणि घट पुरेसा भरल्यावाचून पुन्हा सुरू होऊ नये. अन्यथा उदय-अस्ताच्या फेऱ्यांत उरलीसुरली ऊर्जाही वाया जाते.

ही मांडणी प्रयोगशाळेत तपासताना भर उन्हातील दिवस प्रमाण मानण्याचा मोह टाळला पाहिजे. सौरपट्टी झाकून, घट अर्धा रिकामा ठेवून आणि कृत्रिम स्पंद देऊन यंत्राची सलग काही दिवस परीक्षा घ्यावी. दिलेले व मोजलेले स्पंद शेवटी जुळले, तरच मांडणी निर्दोष मानावी. भारतीय हवामान खात्याच्या प्रघातानुसार सकाळी साडेआठला दिवसाचा हिशेब बंद होतो. त्या क्षणी लिहिला जाणारा आकडा रात्रभराच्या पावसाशी प्रामाणिक असावा, हीच या साऱ्या योजनेची कसोटी होय.