सामाईक कोठार

आमच्या शिरवळकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवीत. वर्षाचे खाणे कणगीत, पुढची बेगमी पेवात आणि बियाणे राखेत घोळून वेगळ्या मडक्यात! धान्य एकच, पण ठेवण्याच्या जागा तीन. हे शहाणपण आजोबांना कोणी शिकवले ठाऊक नाही; नातवाला मात्र ते गेल्या वर्षी फार महाग पडून शिकावे लागले. त्याचीच ही हकीकत आहे.

आम्ही सहा विद्यार्थ्यांनी गावावर एक माहितीपट करायचे ठरविले होते. नीरेचा काठ, सुभानमंगळ, आठवडे बाजार आणि जात्यावरच्या ओव्या असा त्याचा आराखडा होता. ओव्यांसाठी वाडीवरच्या एका आजींकडे गेलो. त्यांनी पहाटे जाते मांडले आणि दोन तास न थकता ओव्या म्हटल्या. ते सारे चित्रीकरण आम्ही एका सुट्या हार्ड डिस्कवर उतरविले आणि लगेच कॅमेऱ्यातले कार्ड पुसून मोकळे केले. तीच डिस्क आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी अशी फिरत राहिली. एके दिवशी माझ्याच पायात वायर अडकली आणि डिस्क टेबलावरून फरशीवर आदळली. आतून ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज आला आणि सर्व संपले!

पुन्हा आजींकडे गेलो, तेव्हा त्या आजारातून नुकत्याच उठल्या होत्या. म्हणाल्या, “बाळा, आता आवाज न्हाई राहिला. मागल्या टायमाला म्हनलं तेवढंच.” परतताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आमच्या मराठीच्या सरांना हे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “तुमचीच गोष्ट नाही ही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज किती रिळे उरली आहेत, ते पाहा.” पाहिले. १९१३ सालच्या त्या चित्रपटाचे फक्त पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. आणि तेही मूळ चित्रपटाचे की १९१७ च्या नव्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जुनी नायट्रेटची फिल्म तर दारूगोळ्यासारखी पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते वाचले. ज्यांची नव्हती ते गेले. हिशेब इतका सरळ आहे.

तेव्हा महाविद्यालयासाठी एक सामाईक कोठार निवडायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. जे शिकलो ते मित्रांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

पहिला प्रश्न मापाचा. आमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट माहिती लिहितो. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तासाला ४५ गिगाबाइट. एका माहितीपटासाठी २० तासांचे चित्रीकरण झाले, तर ९०० गिगाबाइट. ध्वनी, संकलनाच्या फायली आणि तयार प्रती धरल्या तर सुमारे २ टेराबाइट. वर्षाला एक माहितीपट, असे तीन वर्षांचे ६ टेराबाइट. कोठार गळ्यापर्यंत भरू नये, म्हणून आम्ही ८ टेराबाइटचे माप धरले.

दुसरा प्रश्न वाटपाचा. सहा जणांना एकाच वेळी तेच चित्रीकरण हवे असते. सुटी डिस्क एका वेळी एकाच संगणकाला लागते. इंटरनेटवरच्या कोठारात ठेवावे, तर आमच्याकडून वर चढवायचा वेग २० मेगाबिटचा. त्या वेगाने ९०० गिगाबाइट चढवायला अखंड १०० तास लागतील! म्हणून आम्ही ‘नॅस’ नावाच्या पेटीकडे वळलो. हा एक छोटा संगणकच असतो. त्यात दोन-चार डिस्क बसतात आणि तो वायरीने सर्व संगणकांना जोडलेला असतो. मोठ्या स्टुडिओंत याहून वेगवान ‘सॅन’ची व्यवस्था असते, पण तिचा खर्च आणि निगा आपल्यासारख्यांना झेपणारी नव्हे.

येथे एक गंमत झाली. पेटी जोडली आणि दोघे संकलनाला बसताच चित्र अडखळू लागले. दोष पेटीचा नव्हता. आमच्या प्रयोगशाळेतील जुना स्विच १०० मेगाबिटचा होता. म्हणजे एकाच चित्रफितीला कसाबसा पुरणारा! विहिरीला पाणी भरपूर, पण पाट अरुंद, असा प्रकार. गिगाबिटचा स्विच घेतला, तेव्हा सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळू लागले. प्रत्येकाने दोन फिती एकदम चालविल्या तर माणशी २५ मेगाबाइट लागतात. म्हणजे चौघांचे भागते. त्यातही डिस्कची सुई चौघांसाठी चार ठिकाणी धावते आणि वेग घटतो. म्हणून संकलनासाठी हलक्या, लहान प्रती बनवून घ्याव्यात आणि शेवटी मूळ फिती जोडाव्यात, हे उत्तम. वायफायच्या भरवशावर मात्र हे काम करू नये.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि येथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. पेटीतील डिस्क ‘रेड’ नावाच्या पद्धतीने बांधता येतात. ‘रेड १’मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती आरशासारखी उमटते, ८-८ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तर जागा ८ चीच मिळते, पण एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. ‘रेड ५’मध्ये ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधून १२ टेराबाइट जागा मिळते, आणि तेथेही एक डिस्क गेली तरी चालते. आम्ही सोपी म्हणून पहिली पद्धत निवडली. परंतु मित्रहो, आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे! कोणी चुकून फाइल पुसली तर ती आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते. पेटी चोरीला गेली, आग लागली, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात.

म्हणून जाणकार ३-२-१ हा नियम सांगतात. एकूण प्रती ३, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील १ दुसऱ्या गावी. कणगी, पेव आणि बियाण्याचे मडके! आमच्या दोन प्रती अशा: एक पेटीत, दुसरी सुट्या डिस्कवर सरांच्या लोणंदच्या घरी. निवडक तयार चित्रफितींची तिसरी प्रत इंटरनेटवर. कच्चे चित्रीकरण मात्र अद्याप दोनच ठिकाणी आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. शिवाय पेटीला यूपीएस जोडला आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर माहिती बिघडू शकते. आणि दोन ठिकाणी प्रत उतरून तपासल्याखेरीज कार्ड पुसायचे नाही, असा कागद भिंतीवर चिकटविला आहे.

या कामाचा मोठा आदर्श आपल्या जवळच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. दोघेही आज हयात नाहीत; परंतु ओव्या नीट लिहून, वर्गवारी करून संगणकावर ठेवल्या गेल्या, म्हणूनच २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या कोणालाही वाचता-ऐकता येतात. जमविणे हे अर्धेच काम; उरलेले अर्धे ठेवण्याचे.

आता शेवटची गोष्ट. डिस्क गेल्यानंतर दोन महिन्यांनी आमच्यातील एकाची पिशवी झाडताना ध्वनिमुद्रकाचे कार्ड सापडले. कंटाळा करून त्याने ते पुसलेच नव्हते! आजींचा आवाज त्यात पूर्ण आहे, जात्याची घरघर आहे, मध्येच कोंबडा आरवतो तोही आहे. चित्र मात्र नाही. तो आवाज आजींना ऐकवला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “नीट ठिवा रं.”

आमच्या कोठारातील पहिली फाइल तीच आहे.