दम लागण्याआधी वजनकाटा बोलतो: हार्ट फेल्युअर बळावल्यास घराजवळ काय करता येते?

आमच्या अम्मीला हार्ट फेल्युअर असल्याचे कळले तेव्हा बीमारपुर्सीला येणारा प्रत्येक जण हळू आवाजात विचारायचा, "हार्ट फेल म्हणजे आता संपलंच ना?" तसे नाही. या आजारात हृदय बंद पडत नाही. त्याची रक्त ढकलण्याची ताकद कमी होते किंवा ते ताठर होते आणि शरीरात मीठ-पाणी साठू लागते. नियमित औषधांवर अनेक जण वर्षानुवर्षे जगतात. पण मध्येच आजार बळावतो, तेव्हा घरच्यांनी काय करायचे हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आम्हालाही माहीत नव्हते. एका रात्री २ वाजता अम्मी उठून बसली, श्वास पुरेना. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. गाडी शोधण्यापासून आयसीयूच्या दारापर्यंतचा तो वेळ आम्ही विसरलेलो नाही. तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या आठवड्यात वजन किती वाढलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

दम लागतो तो शेवटी. पाणी साठणे बऱ्याचदा कित्येक दिवस आधीच सुरू झालेले असते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, म्हणून काट्यावर ते आधी दिसते. रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी, साधारण तशाच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. २-३ दिवसांत २ किलो वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. चपला घट्ट होणे, पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहणे, एकाऐवजी तीन उशा लागणे, झोपल्यावर खोकला येणे, हीही तीच खूण.

वेळेत कळले तर

अशा वेळी पुष्कळ रुग्णांना भरती व्हावे लागत नाही. डॉक्टर लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड) काही दिवस वाढवून देतात. शरीरात सूज असली की आतड्यालाही सूज येते आणि गोळी नीट लागू पडत नाही. मग तेच औषध शिरेतून देतात, काही तास लघवी आणि बीपी पाहतात आणि रुग्णाला घरी सोडतात. अमेरिकेत तर २०२२ मध्ये त्वचेखालून हे औषध देणाऱ्या छोट्या यंत्राला घरच्या वापरासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे जुन्नर, नारायणगाव, घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्याकडे ही सोय होईल का, हे तब्येत बरी असतानाच विचारून ठेवा. डिंभे धरणाच्या वरच्या गावांतल्या लोकांनी तर नक्कीच. मात्र गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नका. पोटॅशियम आणि किडनीची रक्ततपासणी सोबत लागते.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत नाजूक. १४ देशांत झालेल्या एका अभ्यासात (२०२२) घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत वाढवली आणि वारंवार तपासले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरतीचे प्रमाण १०० पैकी २३ वरून १५ वर आले. म्हणून "बरं वाटतंय" म्हणत पुढची तारीख चुकवू नका.

प्रेमाने केलेल्या चुका

पाहुणे पायाचा रस्सा आणतात, घरात लोणचे-पापड आणि सुकट असते. या सगळ्यांत मीठ भरपूर. सैंधव मीठही शेवटी मीठच. 'लो सोडियम' मिठात आणि नारळपाण्यात पोटॅशियम असते, जे हृदयाच्या काही औषधांसोबत धोकादायक ठरू शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी शरीरात पाणी अडवते. आम्ही ही चूक केली होती.

रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा बदलतात, म्हणून रोज्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. आजारी माणसाला सवलत आहे, तो घरच्यांनी तिचा अपमान समजू नये.

इथे घरी थांबू नका

बसूनही दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, चक्कर येऊन पडणे, गोंधळून बोलणे, गुलाबी फेस येणे, यांपैकी काहीही दिसले तर सरळ १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे झोपवू नका, टेकवून बसवा. औषधांची चिठ्ठी आणि वजनाचे कॅलेंडर सोबत घ्या.

त्या रात्रीनंतर अम्मीचे वजन दोनदा वाढले. दोन्ही वेळा सकाळीच कळले, जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन झाले आणि संध्याकाळच्या चहाला ती घरी होती. काटा काही शेकड्यांत मिळतो. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने तो आजच आणावा.